तूट देशाची, झळ जिल्ह्याची

दर महिन्याच्या मध्यास केंद्र सरकारचे वाणिज्य मंत्रालय आयात-निर्यातीचे आकडे प्रसिद्ध करते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून त्यांचा मथळा होतो, विरोधी पक्ष चिंता व्यक्त करतात, सरकारतर्फे खुलासा येतो आणि पुढचा महिना उजाडेपर्यंत तो विषय मागे पडतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात वस्तूंच्या व्यापारातील आपली तूट सुमारे २८ हजार कोटी डॉलर होती. एकट्या चीनशी असलेल्या व्यापारातील तूट ९,९०० कोटी डॉलरच्या घरात गेली. एवढ्या प्रचंड रकमा वाचल्यावर सामान्य वाचक एक तर धास्तावतो, नाही तर हे सारे आपल्या आवाक्याबाहेरचे म्हणून पान उलटतो. धास्तावण्याचे कारण बहुधा नसते. पान उलटणे मात्र परवडणारे नाही. कारण या आकड्यामागचा खरा प्रश्न दिल्लीच्या कागदपत्रांत सापडत नाही. तो औसा, उदगीर, वाशीम किंवा इचलकरंजी अशा गावांच्या बाजारपेठेत सापडतो. व्यापारातील तूट देशाच्या नावावर मांडली जाते, पण तिची झळ देशाला सारखी लागत नाही. काही जिल्ह्यांना ती भाजून काढते आणि काही जिल्ह्यांना तिची ऊबही जाणवत नाही. या लेखाचा विषय हाच आहे.

तूट आणि तोटा

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. आयात निर्यातीपेक्षा अधिक झाली म्हणजे देशाचा तोटा झाला, असे समीकरण नाही. देश जेवढी बचत करतो त्यापेक्षा अधिक गुंतवणूक करीत असेल, तर मधली रक्कम परकीय भांडवलाच्या रूपाने बाहेरून येते, आणि तिचेच दुसरे रूप म्हणजे चालू खात्यावरील तूट. झपाट्याने उद्योग उभारणाऱ्या देशाला यंत्रे, तंत्रज्ञान आणि इंधन आणावे लागते. अशा वेळी तूट ही वाढीची खूण असू शकते. उलट मंदीच्या काळात कारखाने थंडावले की आयातही घटते आणि तूट कमी झालेली दिसते. त्या वेळी कोणी आनंदोत्सव करीत नाही.

शिवाय वस्तूंचा व्यापार म्हणजे सगळा हिशेब नव्हे. संगणक सेवा, सल्ला, वाहतूक इत्यादी सेवांच्या व्यापारात आपण मोठे निर्यातदार आहोत. २०२४-२५ मध्ये सेवांच्या व्यापारात सुमारे १९ हजार कोटी डॉलरची शिल्लक राहिली. परदेशी गेलेल्या भारतीयांनी घरी पाठविलेली रक्कम साडेतेरा हजार कोटी डॉलरच्या आसपास होती. वस्तूंच्या व्यापारातील भले मोठे भगदाड या दोन प्रवाहांनी बहुतांशी बुजविले आणि चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघ्या ०.६ टक्क्यावर आली. रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने पाहिले तर चिंतेचे कारण नाही.

परंतु इथेच थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ही शिल्लक कोठे जमा झाली आणि ते भगदाड कोठे पडले? सेवांची निर्यात बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई, मुंबई, गुरगाव अशा थोड्या शहरांतून होते. परदेशातून येणाऱ्या पैशाचा सर्वांत मोठा वाटा, रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार, महाराष्ट्राच्या नावे आहे. सुमारे वीस टक्के. पण त्यातला बराचसा मुंबई-पुण्याच्या बँकांतून उतरतो. वस्तूंची आयात मात्र तेथेच झळ पोहोचवते जेथे तीच वस्तू आजवर तयार होत होती. हिंजवडीतील अभियंत्याने मिळविलेला डॉलर आणि लातूरच्या तेलगिरणीतील हमालाने गमावलेली मजुरी यांची ताळेबंदात वजाबाकी होऊ शकते. प्रत्यक्षात त्या दोन माणसांची कधी गाठही पडत नाही.

शिलकीच्या काळातील बेकारी

आपल्या इतिहासात याचा एक बोलका पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानच्या व्यापारात तूट नव्हती; निर्यात आयातीपेक्षा अधिक होती. कापूस, ताग, गहू, नीळ, चहा बाहेर जात असे. त्या शिलकीचे पुढे काय होत असे, हे दादाभाई नौरोजींनी जगाला सांगितले. मात्र त्याच शिलकीच्या काळात लँकेशायरच्या कापडाने येथील कोष्टी-साळ्यांचे माग थंड पाडले आणि विणकराला शेतमजूर व्हावे लागले. धनंजयराव गाडगीळांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या औद्योगिक इतिहासावरील ग्रंथात हस्तव्यवसायांच्या या ऱ्हासाची चिकित्सा केली आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात असेच बजावले होते की, इंग्लंडात रचलेले अर्थशास्त्राचे नियम देश, काल आणि समाजस्थिती न पाहता येथे लावणे बरोबर नाही. भांडवल आणि मजूर एका धंद्यातून दुसऱ्यात सहज सरकतात हे त्यांतले एक गृहीत; आणि हिंदुस्थानातील मजूर तसा सरकत नाही, हे रानड्यांचे म्हणणे.

तात्पर्य असे की, व्यापाराची बाकी वजा आहे की अधिक, यावरून रोजगाराचे भवितव्य ठरत नाही. कोणती वस्तू आली, ती आजवर कोणत्या भागात होत होती, किती वेगाने आली आणि त्या भागातील माणसांना दुसरे काय करता येण्यासारखे होते, यांवर ते ठरते.

एका गिरणगावाची कथा

हे सारे मागासलेल्या देशाला लागू, प्रगत देशात माणसे धंदा आणि गाव सहज बदलतात, असा युक्तिवाद पुष्कळ वर्षे केला जात होता. अमेरिकेच्या अनुभवाने तो खोटा ठरविला.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात कनापोलिस नावाचे गाव आहे. गाव कसले, गिरणीच ती. कॅनन कुटुंबाने विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे कापडगिरणी उभारली, भोवती कामगारांची घरे बांधली, दुकाने काढली. १९८४ पर्यंत त्या गावाला स्वतःची नगरपालिकाही नव्हती. अंगपुसण्याच्या टॉवेलांच्या उत्पादनात ही गिरणी एके काळी जगात अग्रेसर होती. पुढे मालक बदलले, कर्ज वाढले, यंत्रसामग्री जुनी झाली, आणि याच सुमारास चीन, पाकिस्तान व भारत या देशांतून स्वस्त टॉवेल आणि चादरी येऊ लागल्या. ३० जुलै २००३ रोजी कंपनीने दिवाळे जाहीर करून टाळे ठोकले. साऱ्या कंपनीत सहा हजारांहून अधिक आणि एकट्या नॉर्थ कॅरोलिनात चार हजारांहून अधिक माणसे एका दिवसात कामावरून गेली. त्या राज्याच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी एकदिवसीय कामगारकपात होती. पुढे गिरणीची इमारत पाडून त्या जागी जैवविज्ञानाचे संशोधन संकुल उभे राहिले. गावाला नवा धंदा मिळाला, हे खरे. परंतु सांचावर वीस-पंचवीस वर्षे उभ्या राहिलेल्या आणि शालेय शिक्षणही अपुरे असलेल्या बाईला प्रयोगशाळेत कोण घेणार?

कनापोलिस हे एक उदाहरण झाले. १९९९ नंतरच्या बारा वर्षांत चिनी आयातीच्या स्पर्धेमुळे अमेरिकेतील वीस ते चोवीस लाख नोकऱ्या गेल्या, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. २००० साली तेथील कारखान्यांत १ कोटी ७३ लाख लोक काम करीत होते. २०१० मध्ये १ कोटी १५ लाख उरले. या घसरणीत यांत्रिकीकरणाचा आणि २००८ च्या मंदीचा वाटा मोठा होता हे मान्य करूनही आयातीचा वाटा नाकारता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, २००६-०७ मध्ये अमेरिकेतील बेकारीचे राष्ट्रीय प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अगदी कमी होते. राष्ट्रीय सरासरीच्या या सुखद आकड्याखाली शेकडो लहान गावांचे दुःख झाकले गेले.

डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या तीन अभ्यासकांनी २०१३ साली हे झाकण उघडले. त्यांनी देशाची सरासरी बाजूला ठेवली आणि लोक जेथून जेथे रोज कामाला जातात अशा ७२२ स्थानिक श्रमबाजारांचा स्वतंत्र विचार केला. ज्या भागांत फर्निचर, कापड, पादत्राणे, खेळणी यांचे कारखाने एकवटले होते तेथे नोकऱ्या गेल्या, मजुरी घटली, आणि पुष्कळांनी काम शोधण्याचेच सोडून दिले. माणसे दुसऱ्या भागात निघून जातील ही अपेक्षा फारशी फळाला आली नाही. घर विकायचे तर गिऱ्हाईक नाही, कारण सारे गावच विकायला काढलेले. म्हातारे आईवडील, मुलांची शाळा, ओळखीपाळखी यांचा लगाम वेगळाच. याच अभ्यासकांनी २०२१ मध्ये पुन्हा आढावा घेतला तेव्हा २०१९ पर्यंतही अनेक भाग सावरलेले नव्हते.

दुसऱ्या काही अर्थशास्त्रज्ञांनी यावर आक्षेप घेऊन दाखविले की, किनारपट्टीवरील मोठ्या शहरांत सेवाक्षेत्रातील नोकऱ्या त्याच काळात वाढल्या आणि एकूण बेरीज तितकी वाईट नाही. हा आक्षेप मान्य केला तरी मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो. एका जागी गेले आणि दुसऱ्या जागी आले, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या जिल्ह्यांचे काय?

असा अभ्यास भारताविषयी त्याआधीच झालेला आहे. पेटिया टोपालोव्हा या अर्थशास्त्रज्ञ महिलेने १९९१ नंतरच्या आयातशुल्क कपातीचा जिल्हावार परिणाम तपासला. सर्व देशात दारिद्र्य कमी होत होते. तथापि ज्या ग्रामीण जिल्ह्यांतील पिकांवरचे आणि धंद्यांवरचे शुल्क अधिक उतरले, तेथे दारिद्र्य कमी होण्याचा वेग मंदावलेला आढळला. जिल्ह्याजिल्ह्यांमधील स्थलांतर त्यांना अत्यल्प दिसले. रानड्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आकडेवारीने सिद्ध झाली.

स्थलांतर होत नाही असे म्हटले की मराठवाड्यातील शिक्षक हसतील. दिवाळीनंतर वर्गातील निम्मे बाक ओस पडतात, कारण आईबापांबरोबर मुले ऊसतोडीला गेलेली असतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? पण कोयता घेऊन सहा महिने फडात जाणे किंवा पुण्याच्या बांधकामावर पत्र्याच्या खोपटात राहणे याला धंदा बदलणे म्हणत नाहीत. त्या माणसाचे घर, रेशनकार्ड, कर्ज आणि म्हातारी माणसे गावीच असतात. तो गाव सोडून जात नाही आणि गाव त्याला पोसू शकत नाही.

आता मराठवाडा-विदर्भाच्या खऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे खाद्यतेलाकडे वळू. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांसाठी विशेष तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्या सुमारास देशात तेलबियांचे उत्पादन ११० लाख टनांच्या आसपास होते. दहा वर्षांत ते २४० लाख टनांवर गेले आणि नव्वदीच्या प्रारंभी देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामतेलाची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली करण्यात आली आणि हे शुल्क पायरीपायरीने उतरवत १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आणले गेले. पुढे ते कित्येकदा वर-खाली झाले. आज आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते; वर्षाला दीडशे लाख टनांहून अधिक, आणि त्यासाठी लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम मोजावी लागते. इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल, अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल, रशिया-युक्रेनचे सूर्यफूल तेल आपल्या कढईत पडते.

या बदलाने नाहीशा झालेल्या रोजगारापेक्षा जागा बदललेला रोजगार अधिक बोलका आहे. देशी तेलबिया गाळायच्या तर गिरणी शेताजवळ हवी. म्हणून लातूर, धाराशिव, जळगाव, अकोला अशा ठिकाणी अडत, हमाल, मापाडी, मुनीम, गिरणी, पेंडीचा व्यापार, मालमोटारी अशी साखळी उभी राहते. तेल बोटीने कच्चे आणायचे तर शुद्धीकरणाचा कारखाना बंदराजवळ परवडतो. त्याप्रमाणे कांडला, मुंद्रा, काकीनाडा, कृष्णपट्टणम, हल्दिया येथे मोठमोठे कारखाने उभे राहिले. तेथील मोजक्या माणसांना काम मिळाले, तेही बहुतांशी यंत्र चालविण्याचे. देशाच्या रोजगाराच्या तक्त्यात ही फारशी मोठी उलथापालथ नाही. तालुक्याच्या बाजारपेठेला मात्र ती पुरती जाणवते. तेथे गिरणी बंद पडली की केवळ तिचे कामगार घरी बसत नाहीत. चहाची टपरी, सायकलदुरुस्ती, शिकवणीवर्ग, कापडदुकान अशा सगळ्यांचेच गल्ले हलके होतात.

महाराष्ट्रात आज सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर सोयाबीन पेरले जाते. २०२४ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या खाली रेंगाळत होते. सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. तरीही दर हमीभावापर्यंत पोहोचला नाही. याचे कारण समजून घेतले पाहिजे. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा टक्के; बाकी बहुतेक पेंड. पेंडीचे जागतिक दर पडलेले असतील तर नुसत्या तेलावर शुल्क वाढवून शेतकऱ्याच्या पदरात फारसे पडत नाही. त्यात ब्राझीलमध्ये हेक्टरी उतारा तीन टनांहून अधिक आणि आपल्याकडे तो एका टनाच्या आसपास. हे अंतर जकातीच्या भिंतीने झाकता येते, मिटविता येत नाही.

आयात रोखणे हा उपाय आहे काय?

एवढ्यावरून कोणी आयातच बंद करा असे म्हणेल, तर तो उतावळेपणा ठरेल. सुरतेतील हिऱ्यांचा धंदा परदेशातून आलेल्या कच्च्या खड्यांवर चालतो. इचलकरंजीत आलेले जपानी व बेल्जियन बिनधोट्याचे माग आयात आकड्यात भर घालतात, पण त्यांवरील कापड बाहेर जाऊन डॉलर आणते. खनिज तेल न आणता देश एक आठवडाही चालणार नाही. एका जिल्ह्याला तारणारी आयात दुसऱ्याला मारू शकते. सुतावर शुल्क बसवले की सूतगिरणी सुखावते आणि यंत्रमागवाला रडतो.

शिवाय ग्राहकाचाही विचार हवाच. स्वस्त पामतेल सर्वांत अधिक कोणाच्या घरी जाते? गरिबाच्या. २०२१ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले तेव्हा सरकारने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावर आणले. त्यात लबाडी नव्हती, स्वयंपाकघराची अडचण होती. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवलेले शुल्क २०२५ च्या मे महिन्याअखेर पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर उतरवले गेले, तेही महागाईच्याच कारणाने. पण त्या वेळी मराठवाड्यातील शेतकरी काय पेरावे याचा विचार करीत होता. शुल्काचा झोका असा दर आठ-दहा महिन्यांनी हलत असेल, तर कोणता शेतकरी तेलबियांवर भरवसा ठेवील आणि कोणता गिरणीवाला नवे यंत्र बसवील? शुल्क किती असावे याहून ते किती काळ टिकेल हा प्रश्न रोजगाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

उपेक्षेची किंमत किती दूरवर जाते हेही पाहण्यासारखे आहे. आयातीमुळे बेकार झालेल्या कामगारांना साहाय्य देण्याची योजना अमेरिकेने १९६२ सालीच केली होती. पण ती अगदी तोकडी राहिली. आयातीचा फटका बसलेल्या भागांत या योजनेपेक्षा अपंगत्वभत्त्यावर अधिक खर्च झाल्याचे अभ्यासकांना आढळले, आणि २०२२ मध्ये तर नवे अर्ज घेणेही थांबले. मधल्या काळात त्या भागांचे राजकारण अधिक कडवे होत गेले. २०२५ मध्ये अमेरिकेने व्यापारातील तुटीचा हिशेब लावून देशोदेशींच्या मालावर जादा जकात बसविली. भारतावर आधी २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण सांगून ऑगस्टमध्ये आणखी २५ टक्के. कनापोलिसच्या कामगाराला वेळेवर आधार मिळाला असता तर हे टळले असते असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु एका देशाने आपल्या गिरणगावांची वास्तपुस्त केली नाही म्हणजे तिची फेड सातासमुद्रापलीकडे टॉवेल विणणाऱ्या मागवाल्यापर्यंत येऊन पोहोचते, एवढे यातून दिसते.

महाराष्ट्राने घालून दिलेला धडा

मग करावे काय? या बाबतीत आपल्याला परदेशाकडे पाहण्याची आवश्यकता नाही. पगाराच्या चिठ्ठीवर नजर टाकली तरी पुरे. त्यात व्यवसाय कर म्हणून महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजारांपर्यंत कापलेले असतात. हा कर कशासाठी बसला, याचा विसर आज बहुतेकांना पडला आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली. वि. स. पागे यांनी आधीपासून आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमी योजनेला त्या दुष्काळाने व्यापक रूप दिले. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेसाठी पैसा उभा करायचा म्हणून १९७५ साली नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्यावर हा व्यवसाय कर बसविण्यात आला. ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्यांनी, ज्यांच्या आभाळाने दगा दिला त्यांच्या हाताला काम द्यायचे, असा तो व्यवहार होता. केंद्राने २००५ साली ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला त्याला महाराष्ट्राचाच आधार होता.

आयातीचा लोंढा हा बाजारपेठेतला दुष्काळ आहे. पाऊस पडला नाही यात जसा कास्तकाराचा दोष नाही, तसाच दिल्लीत शुल्काची अधिसूचना निघाली यात उदगीरच्या मापाड्याचा दोष नाही. फरक असलाच तर एवढाच की, पाऊस कोणाच्या हुकमाने थांबत नाही. शुल्क मात्र ठरवून उतरवले जाते, आणि त्याचा लाभ घेणारे आपण असतो. किराण्याच्या दुकानातून तेलाचा डबा स्वस्तात घरी आणणाऱ्या लेखनिकाने आणि शिक्षकाने हे ध्यानात घेतले पाहिजे. तो स्वस्तपणा आकाशातून पडलेला नसतो. त्याची किंमत कोणत्या तरी तालुक्याने मोजलेली असते.

यातून तीन मागण्या निघतात. पहिली, कोणत्याही वस्तूवरील आयातशुल्कात मोठा फेरबदल करताना तो कोणत्या जिल्ह्यांच्या रोजगारावर परिणाम करील याची टाचणी सरकारने जाहीर करावी. आता हे अशक्य नाही. राष्ट्रीय श्रमबळ पाहणीची रचना २०२५ पासून जिल्हा हा मूळ घटक धरून केलेली आहे. ती आकडेवारी धोरणाशी जोडावी लागेल एवढेच. दुसरी, शेतमालाशी निगडित शुल्काचे फेरबदल पेरणीच्या व काढणीच्या तोंडावर करू नयेत आणि किमान एका हंगामाची पूर्वसूचना असावी.

तिसरी मागणी पैशाची. आयात तेलावर २०२१ पासून कृषी पायाभूत सुविधांच्या नावाने उपकर वसूल होतो. उपकर असल्यामुळे तो वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना वाटला जात नाही. त्याचा ठरावीक हिस्सा तेलबियांच्या जिल्ह्यांसाठी राखून ठेवावा. त्यातून हेक्टरी उतारा वाढविणारे संशोधन, बाजार समितीच्या गावी प्रक्रिया उद्योग, आणि गिरणीतून बाहेर पडलेल्या माणसाला त्याच तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विद्यावेतनासह शिकण्याची सोय, एवढे तरी व्हावे. खडी फोडण्याचे काम देऊन दुष्काळाचे वर्ष निभावते. मोडलेला धंदा त्याने उभा राहत नाही. म्हणून रोजगार हमीचे तत्त्व इथे नव्या रीतीने राबवावे लागेल.

यावर असा आक्षेप येईल की, अशा योजनांचा पैसा गरजूंपर्यंत पोहोचतच नाही. रोजगार हमीतही बोगस हजेरीपटांची प्रकरणे घडली, हे सत्य आहे. पण म्हणून ती योजना नसती तर बरे झाले असते, असे दुष्काळ पाहिलेला एकही माणूस म्हणणार नाही. दोष योजनेच्या अंमलबजावणीत असतील तर ते तेथे दूर करावेत. खुल्या व्यापाराचा लाभ सर्वांनी घ्यायचा आणि हानी मूठभर तालुक्यांवर सोडून द्यायची, ही रीत मात्र अर्थशास्त्रातही बसत नाही आणि न्यायातही बसत नाही. खुला व्यापार टिकावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच या नुकसानभरपाईचा आग्रह सर्वांत आधी धरला पाहिजे. हानी सोसणाऱ्यांचा धीर सुटला की दारे बंद करा म्हणणाऱ्यांना ऐकणारे लोक आयते मिळतात.

पुढच्या महिन्यात वाणिज्य मंत्रालयाचा आकडा पुन्हा प्रसिद्ध होईल. तो मोठा आहे की लहान यावर वाद झडतील. त्या वादात पडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यापुरता एक साधा हिशेब करून पाहावा. गेल्या वीस वर्षांत बाहेरून येऊ लागलेली कोणती वस्तू आधी आपल्या तालुक्यात होत होती, आणि ती करणारी माणसे आज काय करीत आहेत? हा हिशेब मंत्रालयात मांडला जात नाही. तो मांडण्याचे काम गावोगावच्या शिक्षकांनी, लेखनिकांनी आणि विद्यार्थ्यांनीच हाती घेतले पाहिजे. कारण त्या माणसांची नावे त्यांनाच ठाऊक आहेत.